कुळागरातला बांबू कोणता, आणि तो आला कुठून?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. तिच्या वरच्या बांधावर बांबूचं एक बेट आहे. काटे नाहीत, काठ्या सरळ, आणि बुंध्याशी कापली तर आत पोकळी जवळजवळ नाहीच. माझी काकी त्याला मेस म्हणायची, शेजारचे माणगा म्हणतात, आणि सुपांसाठी काठी मागायला येणारी बाई त्याला चिवार म्हणायची. बेट एक, नावं तीन, आणि ते कुणी लावलं याच्या गोष्टी त्याहून जास्त. त्याचा नीट छडा लागायला दोन पावसाळे गेले. तेवढ्या काळात जी रीत हाताशी आली ती इथे मांडतो आहे. तुमच्याकडे वारशाने आलेलं, विकत घेतलेलं किंवा जागेसोबत मिळालेलं बांबूचं बेट असेल आणि वनस्पतिशास्त्राशी कधी संबंध आला नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. सामान साधं लागतं: मोजपट्टी, वही, पेन्सिल, फोन, जुनी वर्तमानपत्रं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग.

प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेवा

'हा कोणता?' आणि 'हा कुठून आला?' या दोन प्रश्नांची गल्लत झाली की शोध फसतो. पहिल्याचं उत्तर झाडावर असतं, दुसऱ्याचं माणसांकडे आणि कागदांत. पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला बांबू गोव्यातल्या कितीतरी बागांत दिसतो. तो बांबूसा व्हल्गारिसचा 'विटाटा' हा वाण, हे ओळखायला मिनिटही लागत नाही. पण तो तुमच्या दारी मडगावच्या बाजारातून आला की मामाने बेळगावहून आणला, हे त्या पट्ट्यांवरून कधीच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काटेरी कळक चाळीसेक वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा एकदा फुलतो, ढीगभर बी टाकतो आणि मरतो. त्या बियांतून तो आपोआप उगवू शकतो. माणगा, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी, क्वचित फुलतो आणि फुलला तरी बी धरत नाही. बांबूसा व्हल्गारिस आणि ईशान्येकडून आलेला बल्कोआ यांच्याकडूनही बियांची आशा नसते. म्हणजे माणग्याचं जे जे बेट सिंधुदुर्गात, गोव्यात किंवा उत्तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर उभं आहे, ते कुणीतरी कंद खणून, खांद्यावर घेऊन, पावसाच्या तोंडाशी लावलेलं आहे. अशा बांबूचं मूळ शोधायचं तर ते नेणाऱ्या हातांचा माग काढावा लागतो. तेव्हा गावातल्या माणसांशी बोलणं हा या कामातला मुख्य भाग समजा.

पायरी १: आधी माणसं गाठा

बेट पुढच्या वर्षीही तिथेच असेल. नव्वदी गाठलेली आजी असेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून मोजपट्टी नंतर, वही आधी.

'हे कधी लावलं?' असं विचारू नका. उत्तर येतं, 'खूप जुनं, पोर्तुगीज काळातलं.' आठवणीला खुंटी लागते, आणि गोव्यात चांगल्या खुंट्या आहेत. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा हे बेट होतं का? १९६७ च्या ओपिनियन पोलच्या, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा की नको या जनमत कौलाच्या वेळी? १९८७ मध्ये घटक राज्य झालं तेव्हा? त्यानंतर घरातल्या खुंट्या: कुणाचं लग्न, विहीर कधी खणली, माडी कधी चढवली, पोफळी कधी नव्याने लावल्या. आमच्याकडे काका ठामपणे सांगत होते की बेट त्यांच्या आजोबांनी लावलं. आत्याला मात्र आठवत होतं की त्याच जागी फणस होता आणि तो तिच्या लग्नाच्या वर्षी, १९७२ साली, पाडला. मग काकीने हळूच सांगितलं की कंद तिच्या माहेरहून, पेडण्याहून आला, तिचा भाऊ घेऊन आला होता. एका वाक्यात काळही आला आणि वाटही.

प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा. चारजण एकत्र बसले की मोठ्या माणसाची गोष्ट सगळ्यांची होते. जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख घाला. तीन गोष्टी नक्की विचारा: कुणी आणलं, कशाच्या रूपात आणलं (कंद, काठीचा तुकडा की पिशवीतलं रोप), आणि कशासाठी आणलं. कशासाठी हे कळलं की जातीचाही अंदाज येतो. सुपा-टोपल्यांना हवी ती काठी वेगळी, मांडवाला हवी ती वेगळी, आणि कुंपणाला लावलेला बांबू बहुतेक काटेरी.

'पोर्तुगिजांनी आणलं' हे वाक्य लिहून घ्या, पण पुराव्याशिवाय पुढे नेऊ नका. काजू, अननस, मिरची त्यांच्या जहाजांतून आली म्हणून सगळंच आलं असं नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात वंशलोचनाबद्दल, म्हणजे बांबूच्या पेरात साठणाऱ्या पांढऱ्या औषधी द्रव्याबद्दल लिहिताना तो सांगतो की या काठ्यांना इथले लोक 'माम्बू' म्हणतात. तो इथे आला तेव्हा बांबू आणि बांबूचं औषध दोन्ही लोकांच्या वापरात होती.

माग कधी कधी अशा ठिकाणी जातो की जिथे आता काही उरलेलं नाही. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं, माणसं वाडे आणि वालकिणीला वसवली गेली. अशा कुटुंबाकडून आलेल्या बेटाचं मातृबेट पाण्याखाली असू शकतं. मग तुमच्या बांधावरचं बेट हीच त्याची उरलेली साक्ष, आणि अशा वेळी आठवण जास्तच काळजीने टिपून ठेवा.

टोपल्या विणणाऱ्या कारागिरांना भेटल्याशिवाय ही पायरी संपवू नका. काठी चिरताना सळ सरळ जाते की मोडते, पेर किती लांब, कीड किती लवकर लागते, हे त्यांचे हात जाणतात. बांबूसा व्हल्गारिसच्या काठीत पिष्ट भरपूर, त्यामुळे भुंगा तिला लवकर पोखरतो. 'ही काठी टिकत नाही' एवढं एक वाक्यसुद्धा कामाचं असतं. त्यांचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या.

पायरी २: बेट आधी लांबून बघा

आधी खात्री करा की तो बांबूच आहे. काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवतात तो 'लकी बांबू' म्हणजे ड्रसीना, मूळचा आफ्रिकेचा, बांबूच्या कुळातला नाहीच.

मग दहा पावलं मागे सरा. काठ्या एकमेकींना बिलगून बेट धरतात, की जमिनीखालून धावत जाऊन लांब लांब कोंब काढतात? गोव्यात लावलेले बहुतेक सगळे बेट धरणारे. बेट गच्च आहे की आत हात घालता येण्याइतकं मोकळं, काठ्या सरळ की वाकड्या, काटे आहेत का, हे लिहा. जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर काठीचा घेर मोजा. पाचव्या पेराची लांबी मोजा. एखादी काठी तशीही तोडायची असेल तर बुंध्याशी आणि मध्यावर भिंतीची जाडी बघा. काठी नवी आहे म्हणून बारीक आहे असं समजू नका. बांबूचा कोंब जमिनीतून निघतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, उंचीही एका पावसाळ्यात पुरी होते.

आपल्याकडे नेहमी भेटणारे चार-पाच जण सांगतो. कळक (बांबूसा बांबोस) गाठीवरच्या वाकड्या काट्यांनी आणि खालच्या फांद्यांच्या जाळीने ओळखू येतो, त्याच्या बेटात शिरताच येत नाही. कोंकणीत नुसतं 'कोंडो' म्हटलं तर तो कुठलाही बांबू असू शकतो, म्हणून बोलीतलं नाव हा पुरावा धरू नका. नर वेळू (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) भरीव किंवा जाड भिंतीचा, बेट गच्च, काठ्या बऱ्याचदा वाकड्या, पानं हाताला लवदार लागतात. माणगाही बुंध्याशी भरीव, पण काठी सरळ, बेट मोकळं, काटे नाहीत. म्हणूनच तो शेतकऱ्यांचा लाडका, काठी तोडायला झगडावं लागत नाही. चिवार सडसडीत, डोंगरउताराचा. बाहेरून आलेल्यांत व्हल्गारिस पोकळ असतो. त्याच्याच एका वाणाची खालची पेरं घटासारखी फुगतात. बागेत शोभेच्या कुंपणाला लावतात तो बारीक पानांचा बांबूसा मल्टिप्लेक्स. आणि काठी जुनी झाली तरी जिची आवरणं गळत नाहीत, ती थायलंडकडची थायर्सोस्टॅकिस सायमेन्सिस असण्याची शक्यता मोठी.

पट्ट्यांच्या बाबतीत एक सावधगिरी: पिवळ्या विटाटाच्या बेटातून कधी कधी साधी हिरवी काठी निघते. तिथे दोन जाती लावलेल्या नसतात, वाण मूळ रंगावर जातो. हिरवी काठी कुठल्या कंदातून आली ते माती बाजूला करून बघा.

पायरी ३: खरी ओळख आवरणात आहे

पानावरून बांबू ओळखायचा प्रयत्न सोडून द्या. फोनवरची ओळख सांगणारी ॲप बहुधा पानाचाच फोटो बघतात, म्हणून बांबूच्या बाबतीत त्यांच्यावर माझा भरवसा नाही. फुलं हा शास्त्राचा जुना आधार, पण त्यांची वाट बघण्यात आयुष्य जातं. आपल्या हाती दरवर्षी येतं ते कोंबाचं आवरण.

पावसाळ्यात कोंब वर येतो तेव्हा प्रत्येक पेराला एक टणक आवरण गुंडाळलेलं असतं, काठी वाढली की ते सुटून पडतं. जून ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम. बुंध्याजवळची आवरणं आखूड आणि फसवी असतात, म्हणून चौथ्या ते सहाव्या गाठीवरची घ्या. काठीवरूनच अलगद सोडवा. खाली पडलेली पावसात कुजतात आणि त्यांवरचे केस झडतात, आणि नेमके केसच आपल्याला हवे असतात. हातमोजे घाला, कारण ते केस कातडीत रुततात आणि दिवसभर खाज सुटते. बेटात हात घालण्याआधी काठीने आपटून बघा, हिरवा चापडा हा विषारी साप तिथे फांदीच्याच रंगाचा होऊन बसलेला असतो.

आता आवरण वर्तमानपत्रावर सपाट करा आणि भिंग घ्या. चार जागा बघायच्या. एक, पाठ: केस आहेत का, कोणत्या रंगाचे, सगळीकडे की पट्ट्यात. दोन, वरचं पातं: ताठ उभं की मागे दुमडलेलं, त्रिकोणी की भाल्यासारखं, आतल्या बाजूला केस आहेत का. तीन, पातं आणि आवरण जिथे जुळतं तिथली आतली जिभली: तिची उंची, कड साधी की दातेरी. चार, त्याच जोडाच्या दोन बाजूंचे कान: आहेत की नाहीत, दोन्ही सारखे की लहानमोठे, त्यांवर राठ केस आहेत का.

फरक किती स्पष्ट असतो बघा. कळकाच्या आवरणाचं पातं आतल्या बाजूने गडद तपकिरी, मखमलीसारख्या केसांनी भरलेलं असतं. नर वेळूच्या आवरणावर सोनेरी-तपकिरी राठ केस असतात, कान नसतातच, जिभली अरुंद आणि दातेरी. व्हल्गारिसला ठळक कान, त्यांवर केस, आणि पातं रुंद त्रिकोणी. आवरणांचे तीन ढीग शेजारी मांडले तर शाळकरी मूलसुद्धा वेगळे करील. आमच्या बेटाची आवरणं कळकाशी जुळली नाहीत, नर वेळूशीही नाहीत. निदान दोन नावं तरी यादीतून गेली.

नव्या बेटाच्या बाबतीत धीर धरा. रोपातून वाढणाऱ्या बांबूच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या काठ्या बारीक असतात आणि त्यांची आवरणं मोठ्या काठीसारखी नसतात. कुंडीतल्या रोपावरून जात ठरवण्याचा हट्ट धरू नका.

पायरी ४: नमुना ठेवा

फोटो हवेतच: पूर्ण बेट, गाठ, फांद्या फुटण्याची जागा, आवरण आतून आणि बाहेरून, शेजारी पट्टी ठेवून. पण फोटोतून केस मोजता येत नाहीत, म्हणून सुकवलेला नमुनाही ठेवा. दोन-तीन आवरणं, पानांची एक फांदी, फांद्यांसह गाठीचा एक तुकडा. आवरणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बेट क्रमांक आणि गाठ क्रमांक लिहा, शाई ओलीत फुटते. वर्तमानपत्रांत दाबून वर फळी आणि दगड ठेवा. गोव्याच्या पावसात कागद रोज बदलले नाहीत तर तिसऱ्या दिवशी बुरशी. आमच्या घरी ते चुलीवरच्या माळ्यावर छान सुकले. वनस्पतिसंग्रहाचा कागद साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरचा असतो. आवरण मोठं असेल तर कापू नका, दुमडा. सोबत चिठ्ठी: तारीख, गाव, एक-चौदाच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर, फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, काठीची मापं, बोलीतलं नाव आणि ते सांगणारा कोण.

हे सगळं आपल्या बागेतलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली 'झाड' राहिलेला नाही. रानातल्या बांबूला ही सवलत नाही. म्हादई, मोले, खोतीगाव, नेत्रावळी अशा अभयारण्यांतून तुलनेसाठी म्हणूनही परवानगीशिवाय पानसुद्धा तोडू नका.

पायरी ५: नाव ताडून बघा

माणग्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन मन्रो या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये ऑक्सिटेनँथेरा स्टॉक्सी या नावाने केलं. पुढे तो स्यूडोऑक्सिटेनँथेरा झाला, नंतर डेंड्रोकॅलॅमस. जुन्या पुस्तकात एक नाव, नर्सरीत दुसरं आणि सरकारी पत्रकात तिसरं दिसलं तर घाबरू नका, शेवटचा 'स्टॉक्सी' तोच आहे. लंडनच्या क्यू उद्यानाच्या 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर जुनं नाव घातलं की आताचं नाव मिळतं.

शेवटचा निवाडा जाणकाराकडूनच घ्या. जवळ गोवा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे आणि जुने गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था. त्यापुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्याचं पश्चिम विभागीय केंद्र, आणि केरळात पीची इथली वन संशोधन संस्था, तिच्याकडे बांबूंचा जिवंत संग्रहच आहे. आधी लिहून विचारा, मग नमुना घेऊन जा. 'माझा बांबू कोणता?' असं नुसतं विचारू नका. 'काटे नाहीत, बुंधा भरीव, आवरणं सोबत आहेत, मला माणगा आणि चिवार यांत शंका आहे' असं विचारलंत की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो. माझ्या बाबतीत तसंच झालं. आवरणं आणि फांदी संग्रहातल्या नमुन्यांशेजारी ठेवली, आणि उत्तर आलं: माणगा.

पायरी ६: वाट मागे मागे चाला

नर्सरीतून घेतलेलं रोप असेल तर बिल, पिशवीवरची चिठ्ठी, ऊतिसंवर्धनाचं असेल तर खेपेचा क्रमांक, सगळं वहीत चिकटवा. नर्सरीवाल्याला एकच प्रश्न: मातृरोप कुठलं? बहुतेक ठिकाणी उत्तर दुसऱ्या नर्सरीचं नाव असतं, मग तिथे विचारा.

कंदाने आलेल्या बेटासाठी मात्र चालतच जावं लागतं. मी काकीच्या माहेरी पेडण्याला गेलो. मागच्या अंगणात विहिरीपलीकडे ते बेट अजून उभं होतं. तिथूनही आवरणं घेतली, तशीच मोजली, तशीच सुकवली. काठीचा घेर आमच्याहून जास्त भरला, पण तो माती-पाण्याचा फरक. केस, कान, जिभली, पातं हुबेहूब. तिथल्या म्हाताऱ्या मामांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांनी कंद सावंतवाडीच्या बाजूने आणला. गाव आठवत नव्हतं. हा तिसरा दुवा ऐकीव म्हणून लिहिला आणि तिथेच थांबलो.

दोन बेटं सारखी दिसली म्हणजे एकाच कंदाची झाली असं नाही, हे लक्षात ठेवा. एकाच जातीची दोन स्वतंत्र बेटंही सारखीच दिसतात. आमच्या बाबतीत आवरणांना काकीच्या साक्षीची जोड होती. याहून बळकट पुरावा फुलोऱ्याचा. एकाच कंदाची किंवा एकाच बियांच्या पिढीची बेटं लांब लांब नेली तरी बहुधा एकाच सुमारास फुलतात. म्हणून कुठेही बेट फुललं की तारीख, फोटो आणि फुलांचा तुकडा ठेवा, आणि ज्यांच्याकडे तुमच्या बेटाचे कंद गेले त्यांना त्याच दिवशी फोन करा. डीएनए तपासणीची चौकशी बरेचजण करतात. नेहमीचे डीएनए बारकोड, म्हणजे जात ओळखायला वापरतात ते डीएनएचे ठरावीक तुकडे, बांबूच्या जवळच्या जातींमध्ये अनेकदा फरक दाखवू शकत नाहीत. वेगळ्या, बारकाव्याच्या चाचण्या असतात, पण त्यांनाही तुलनेला खात्रीचा नमुना लागतो, आणि तो याच रीतीने मिळतो.

पायरी ७: पाटी लिहा

पाटी काठीला बांधू नका, काठी कधीतरी तोडली जाते. बेटाशेजारी खांब रोवा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, अक्षरं टोच्याने कोरलेली. प्रत्येक ओळीपुढे ती कशावरून लिहिली ते हवं: तपासलेलं, सांगितलेलं की ऐकीव. जातीबद्दल थोडी शंका उरली असेल तर शास्त्रज्ञ नावात 'कॉन्फर' हा लॅटिन शब्द घालतात, म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा'. तुम्हीही घाला, त्यात कमीपणा नाही. आणि कुणी कंद मागितला तर त्या पाटीची नक्कल कंदासोबत द्या.

आमच्या बांधावरची पाटी अशी आहे:

बेट १. डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी, माणगा. घरात नाव: मेस.
जात: आवरणं आणि फांदी संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून, तपासलेलं.
लावलं: १९७२ नंतर, फणसाच्या जागी. आत्याने सांगितलेलं.
कंद: पेडणे, काकीच्या माहेरचं बेट. काकीने सांगितलेलं, दोन्ही बेटांची आवरणं जुळली.
त्याआधी: सावंतवाडीची बाजू. ऐकीव.
फुलोरा: अजून पाहिलेला नाही.